पडलेली शिवण

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून पुढे गेलं. त्या दिवशी आमच्या परसातली शिवण मुळासकट आडवी झाली. सासूबाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हाही ती उभी होती. आठ दिवस वीज नव्हती, निम्मी कौलं उडालेली, त्यामुळे झाडासाठी हळहळायलाही सवड मिळाली नाही. पंधरा दिवसांनी मेस्त वाशांची डागडुजी करायला आले. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. काम आटपून निघताना ते त्या खोडापाशी थांबले, सालीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, ह्यां चुलीत घालू नका हां. शिवण आसा ती."

त्या एका वाक्यातून पुढचं सगळं सुरू झालं. गेली चौदा वर्षं मी वाडीत बालवाडी चालवते. अडीच ते सहा वर्षांची बावीस मुलं, एक खोली, एक पडवी. करोनामुळे तेव्हा खोलीला कुलूप होतं. रिकाम्या खोलीत बसून कपाट आवरताना मला रोज दिसायचा तो २०१८ साली विकत घेतलेला लाकडी माँटेसरी साहित्याचा संच. पालकांकडून वर्गणी काढून साडेनऊ हजारांना मागवलेला. खोक्यावर मुलांचे हसरे फोटो होते आणि आम्हीही तो मोठ्या कौतुकानं उघडला होता.

त्या संचाचं काय झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या खटाटोपाचं कारण कळणार नाही.

मनोरा म्हणजे लहान होत जाणारे दहा ठोकळे. सगळ्यात मोठ्याची कड दहा सेंटीमीटर, मग नऊ, आठ, असं करत शेवटचा एक सेंटीमीटरचा. मूल सगळ्यात मोठा खाली ठेवतं आणि रचत जातं. आमच्या संचात सातवा आणि आठवा ठोकळा जवळपास एकाच मापाचे निघाले. मी पट्टी लावून बघितलं, दोन मिलिमीटरचा फरक होता. साडेचार वर्षांची एक मुलगी ते दोन ठोकळे हातात घेऊन आळीपाळीनं बघत बसली. एक ठेवला, काढला, दुसरा ठेवला, काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, माका जमत नाय." तिला उत्तम जमत होतं. तिचे डोळे बरोबर होते, ठोकळे चुकीचे होते. हे मी तिला सांगितलं, पण ती उठून गेली आणि पुन्हा आठवडाभर त्या कोपऱ्यात फिरकली नाही.

दट्ट्यांचं तर आणखी वाईट. लांबट लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला वर धरायला बारीक मूठ. आपल्या वजनाच्या पेटीत पितळी वजनं बसतात ना, तसं. असे चार ठोकळे असतात. पहिल्यात फक्त जाडी बदलते, एकात फक्त उंची, उरलेल्या दोघांत दोन्ही. बाजारच्या संचात मधले तीन दट्टे एकमेकांच्या भोकात सहज बसत होते. म्हणजे मुलानं चूक केली तरी शेवटी सगळं बरोबर दिसायचं.

आणि हेच तर सगळ्या साहित्याचं मर्म आहे. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. पुढे १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकून पडल्यामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. त्यांच्या साहित्यात चूक दाखवायचं काम बाईंकडे ठेवलेलं नाही, ते वस्तूकडे सोपवलेलं आहे. दहा दट्टे, दहा भोकं. एक दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो आणि उरलेल्या भोकात तो जात नाही. कुणी रागावलेलं नसतं, कुणी "अरे, असं नाही" म्हटलेलं नसतं. मूल त्या उरलेल्या दट्ट्याकडे बघतं, मग रांगेकडे बघतं, आणि स्वतःहून परत सुरुवात करतं. ते बघण्याचा तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. माप चुकलं की तो क्षणच उरत नाही.

एका कारणासाठी मात्र त्या संचावर मी खरोखर चिडले होते. त्यात खरखरीत अक्षरांच्या पाट्या होत्या. मूल दोन बोटं अक्षरावरून फिरवतं आणि हाताला वळण लागतं. पाट्या मोजल्या, लावल्या, पुन्हा मोजल्या. 'ळ' नव्हताच. हिंदीसाठी केलेला संच 'मराठीसुद्धा' म्हणून विकला होता. आमच्या मुलांच्या तोंडी दिवसभर काय असतं? शाळा, बाळ, केळं, फळ, माळ, काळा, नारळ. 'ळ' काढून घेतला तर कोकणातल्या पोरानं बोलायचं काय? 'ल' आणि 'श' हेही हिंदी वळणाचे होते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' स्पष्ट दिलेला आहे, आमच्या मुलांना पहिलीत तोच भेटतो. विक्रेत्याला दोनदा फोन केला. "एवढा कुणी बघत नाही मॅडम," असं उत्तर मिळालं. मी बघते.

तर शिवण. मेस्तांनी एका ओळखीच्याकडून साखळीचा करवत आणून खोडाच्या फळ्या काढल्या. आतलं लाकूड फिकट पिवळसर, ताकासारख्या रंगाचं. शिवण हलकी असते, हत्याराखाली सरळ कापली जाते, आणि सुकल्यावर इतर लाकडांच्या मानानं फार वेडीवाकडी होत नाही, म्हणून पूर्वीपासून तिला मान. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी मूळची पांगाऱ्याची. पांगारा त्याहून हलका आणि मऊ, कोरायला सोपा, रंग छान घेतो. आता पांगारा मिळणं कठीण झाल्यामुळे आंबा वगैरे वापरतात. मी मेस्तांना विचारलं होतं की आपणही पांगाराच का घेऊ नये. त्यांनी फळीवर नख दाबलं. पांगाऱ्यावर खूण उमटली, शिवणीवर नाही. "पोरां आपटतली," एवढंच म्हणाले. खरंच होतं ते. कोपरे दबले की माप गेलं.

फळ्या पडवीत रचल्या, दोन फळ्यांच्या मध्ये आडव्या पट्ट्या घालून, वारा खेळता राहील अशा. मेस्तांचा हिशेब साधा: इंचभर जाडीला एक वर्ष. आमच्या फळ्या दीड इंची होत्या, म्हणजे दीड वर्ष थांबायला हवं होतं. आणि मी थांबले नाही.

माझी घाई का झाली तेही सांगते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं परत यायला लागली. दोन वर्षं घरात बसलेली मुलं. साडेचार वर्षांच्या मुलाला बाटलीचं झाकण फिरवता येईना, शर्टाचं बटण लावता येईना. एक आई सांगत होती, त्याला मोबाइल मात्र सगळा येतो. मला दिसत होतं की त्याचं बोट काचेवरून घसरायला शिकलंय, पकडायला नाही. दट्ट्याची मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरायची असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पुढे पेन्सिल धरायची तीच चिमूट. मला ते साहित्य जूनमध्ये मुलांच्या हातात हवं होतं. मेस्त म्हणत होते, "एक पावसाळो जांवदे." आठ महिन्यांच्या फळ्यांवरच फेब्रुवारीत काम सुरू करायला मी त्यांना भाग पाडलं.

काम बघायला मी रोज संध्याकाळी त्यांच्या मांडवात जाऊन बसायची. इतकी वर्षं ही वस्तू वापरली, पण ती होताना कधी बघितली नव्हती. ठोकळे सोपे असतील असं वाटलं होतं. दहा सेंटीमीटरचा घन एका अखंड तुकड्यातून काढला तर चार दिवसांत मधून तडकला. बाहेरचं लाकूड आधी सुकून आक्रसतं, आतलं ओलंच असतं, मग तडा जाणारच. शेवटी मोठे पाच ठोकळे फळ्यांचे थर फेविकॉलनं चिकटवून, शिकंज्यात दोन दिवस दाबून, मग रंधा मारून केले. पोकळ पेटी करून झाकण लावूया, लाकूड वाचेल, असं मेस्तांचा मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. एक सेंटीमीटरचा ठोकळा आणि दहा सेंटीमीटरचा ठोकळा यांच्या कडेत दहापट फरक असतो, पण लाकडात हजारपट. आमचा मोठा ठोकळा वाण्याच्या काट्यावर अर्ध्या किलोला जरा कमी भरला, लहान तर काट्याला कळलाही नाही. मूल दोन्ही हातांनी मोठा उचलून आणतं, छातीशी धरतं, आणि शेवटचा दोन बोटांत. हजार हा आकडा त्याला अजून पाच वर्षांनी भेटणार असतो, पण हाताला आत्ता कळलेलं असतं. पोकळ ठोकळ्यात ते गेलं असतं.

प्रत्येक बाजूला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून मेस्त उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. सहाव्या ठोकळ्याला त्यांनी हे चौदा वेळा केलं, मी मोजलं. मी म्हटलं, आता चालेल. ते म्हणाले, "बाई, तुमीच सांगितलात ना, पोरांक चूक वस्तून दाखवची. मगे वस्तूच चुकली तर?" मी वर्षानुवर्षं प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य सातवी शिकलेल्या माणसानं मला परत केलं, आणि अगदी जिथे लागू होतं तिथे.

दट्टे कातारावर कातले. भोकांसाठी सपाट बुडाची बिटं कोल्हापूरहून मागवावी लागली, कारण साध्या गिरमिटानं भोकाचा तळ टोकदार होतो आणि दट्टा डुगडुगतो. पहिल्या ठोकळ्याचे दट्टे सारखे उंच, साडेपाच सेंटीमीटर. जाडी अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरनं उतरत साडेपाचवरून एकावर. मुठी वेगळ्या कातून, खुंटी मारून बसवल्या. आणि इथे मी दुसरा हट्ट केला. दट्टा भोकात अगदी घट्ट, बाटलीच्या बुचासारखा बसला पाहिजे, जरासुद्धा हलता कामा नये. बाजारच्या ढिल्या संचानं मला इतकं पोळलं होतं की फट दिसली तरी चालत नव्हती. मेस्तांनी तोंड वाकडं केलं, पण केलं तसं.

लेप काय द्यायचा यावर बराच खल झाला. मेस्तांच्या मते काजूच्या टरफलाचं तेल. भुंगा लागत नाही, होड्यांनाही पूर्वी लावत. पण ते तेल अंगाला लागलं तर फोड येतात, मुलांच्या वस्तूला चालणारच नाही. मी खोबरेल लावून बघितलं. घरात डबाभर होतं. खोबरेल सुकत नाही, लाकूड महिनाभर चिकट राहिलं, धूळ बसली, आणि वासावर मुंग्या आल्या. ते तीन ठोकळे पुन्हा घासावे लागले. शेवटी जवसाचं तेल. ते हवेनं सुकून घट्ट होतं. पातळ हात, पुसून घ्यायचं, तीन दिवस वाळवायचं, पुन्हा हात, असे तीन वेळा. वर मधमाश्यांचं मेण. तेलाचे बोळे मेस्तांनी गोळा करून पाण्यात टाकायला लावले, कारण चुरगळून ठेवले तर आपोआप तापून पेट घेतात. रंग कशालाच दिला नाही. मूळ संचात मनोरा गुलाबी असतो, मला माहीत आहे. पण अडीच वर्षांचं मूल प्रत्येक गोष्ट आधी तोंडात घालून बघतं, आणि डब्यावर काय लिहिलंय त्यावर विसंबण्यापेक्षा मला शिवणीचा रंग बरा वाटला.

तोंडात घालण्यावरून आठवलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी करायला एक नळी वापरतात, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. जो तुकडा त्या नळीत पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं मानायचं. तेवढ्या व्यासाची नळी मी मेस्तांकडून करून घेतली. मनोऱ्याचे वरचे दोन ठोकळे तिच्यात अख्खे मावतात, तिसरा मावत नाही. म्हणून अडीच-तीन वर्षांच्या गटाला मी वरचे दोन देतच नाही, ते माझ्या टेबलाच्या खणात असतात. बारीक दट्टेही माझ्या नजरेसमोरच.

वजनाच्या पाट्या मात्र आमच्या इथल्याच झाल्या आणि त्या मला सगळ्यात आवडतात. एकाच मापाच्या, आठ बाय सहा सेंटीमीटर, अर्धा सेंटीमीटर जाड. फरक फक्त लाकडाचा. पांगाऱ्याचा एक तुकडा मिळाला होता, तो सगळ्यात हलका. मधली शिवण. जड ऐनाची. सोनाराकडे नेऊन मोजल्या: साडेसात, बारा, एकवीस ग्रॅम. डोळे मिटून दोन्ही तळहातांवर एकेक ठेवायची आणि सांगायचं. मुलं मला नुसतं जड-हलकं सांगत नाहीत, "बाई, ह्यो पांगारो" म्हणतात.

मे महिन्यात सगळं तयार झालं. १५ जूनला कपाटात मांडलं, पालकांना बोलावून दाखवलं. नारळ फोडला. मेस्त नव्या सदऱ्यात आले होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पावसानं उसंत घेतली नाही. भिंतींना ओल, वह्यांची पानं लुळी, मिठाला पाणी सुटलेलं. पाच वर्षांचा एक मुलगा दट्टे घेऊन बसला होता. लहान सहा निघाले. सातवा निघेना. त्यानं मूठ धरून ओढलं, ठोकळा पायात धरून ओढलं, तोंड लालबुंद. मी गेले, मलाही निघेना. जोर केला तर मूठ हातात आली आणि दट्टा आतच. मोठे चारही दट्टे भोकांत रुतून बसले होते. तो मुलगा माझ्याकडे बघत होता, मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी मोडलंय नाय, बाई."

त्याला जवळ घेतलं. तू नाही मोडलंस, पावसानं मोडलं, म्हणून सांगितलं. पण रात्री झोप लागली नाही. चूक वस्तूनं सांगावी म्हणून एवढं केलं आणि त्या वस्तूनं मुलाला खोटं सांगितलं.

ठोकळा पिशवीत घालून पावसातच मेस्तांकडे गेले. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, मागून आणला होता, त्यानं मोजलं. सगळ्यात जाड दट्टा मे महिन्यात ५४.८ मिलिमीटर होता, भोक ५५. आता तोच दट्टा एकीकडून ५५.१ आणि आडवा धरला तर ५५.७. गोल राहिलाच नव्हता. मेस्तांनी दट्ट्याच्या तोंडावरची वर्तुळं दाखवली. लाकूड उभं, रेषांच्या लांबीत, जवळजवळ वाढत नाही. आडवं वाढतं. त्यातही झाडाच्या वर्तुळांच्या बाजूनं जास्त वाढतं, बाहेरून गाभ्याकडे त्याच्या साधारण निम्मं. म्हणून गोल दट्टा पावसात लंबगोल होतो. भोकही लंबगोल होतं, पण ते आडव्या फळीत असल्यामुळे दुसऱ्याच दिशेनं. दोघांचं जुळणार कसं? "लाकूड जिता आसता, बाई. कापलां म्हणान मरत नाय," ते म्हणाले. मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

पावसाळा संपेपर्यंत दट्टे कपाटात. त्या चार महिन्यांत मी समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, गुंजा, वेगवेगळी पानं यांवर भागवलं. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच तर केलं. महागडं साहित्य खेड्यात परवडणार नाही, तर आजूबाजूला आहे त्यातून शिकवायचं. शिंपले लहान-मोठे लावणं, बिया वेगळ्या करणं, खरबरीत आणि गुळगुळीत पानं चाचपणं. मी त्याच वाटेवरची आहे आणि माझी बालवाडी शिंपल्यांवर उद्याही चालेल. पण त्या चार महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली. वेगळं करायला शिंपले पुरतात. क्रमानं लावायला, अगदी सारख्या पायऱ्यांनी वाढणारं काही हवं असेल तर निसर्ग ते देत नाही, ते कुणीतरी मापून करावं लागतं. दोन्ही हवं. आणि मापून करणारा गावातच असतो, आपण त्याला कपाटं आणि दारंच सांगत राहतो.

डिसेंबरात दीड वर्ष पुरं होऊन गेलं होतं. मेस्तांनी सगळे दट्टे नव्यानं कातले, आता पूर्ण सुकलेल्या फळ्यांतून. जाड दट्ट्याला भोवती मिळून एक मिलिमीटर मोकळीक ठेवली, बारीक होत जाईल तशी कमी. मला भीती वाटत होती की फट राहिली तर चुकीचा दट्टा आत जाईल. मेस्तांनी सगळ्यात जाड दट्टा शेजारच्या लहान भोकात घालायला सांगितलं. पाच मिलिमीटरचा फरक आहे, एका मिलिमीटरची मोकळीक त्याला काय पुरणार? तो गेला नाही. बरोबरचा अलगद उतरला आणि तळाशी टेकताना लाकडाचा बारीक 'टक' असा आवाज आला. घट्ट दट्ट्यात तो आवाजच येत नव्हता. आता मुलं त्या आवाजाची वाट बघतात.

दुसऱ्या खेपेच्या मजुरीला आणखी सहा हजार गेले. पहिल्या खेपेचे अकरा. लाकूड घरचं असून. बाजारच्या संचाच्या दुपटीच्या जवळ. हे मी लपवत नाही, कारण 'घरी स्वस्तात करा' असं सांगणारे बरेच भेटतात. स्वस्त पडत नाही.

अक्षरं मी स्वतः केली. शिवणीच्या पातळ पाट्यांवर पॉलिशपेपरची कापलेली. ऐंशी नंबरचा कागद बोटाला खुपला, एका मुलीनं बोट तोंडात घातलं. दीडशेचा बरोबर ठरला. आधी ग, म, भ, न. मग बाकीची. पाकळीचा 'ल' कापताना कात्री चार वेळा घसरली. 'ळ' दोन केले, एक झिजला तर दुसरा असावा म्हणून. तो खरंच आधी झिजला. मुलांना त्याच्यावर बोट फिरवायला आवडतं. दोन गाठी आल्यामुळे असेल.

आवाजाच्या डब्यांनी मात्र अजून दमवलंय. सारख्या दिसणाऱ्या बारा डब्या, सहा जोड्या, हलवून आवाजाची जोडी लावायची. तांदूळ, मूग, रवा घातला होता. श्रावणात तांदळाला सोंडे झाले, रव्याच्या गाठी झाल्या, आणि सहापैकी दोन जोड्यांचा आवाज एकसारखा येऊ लागला. एका मुलानं डबी कानाशी धरून "आत कोणतरी चालता" म्हणून सांगितलं. त्याचा कान किती तीक्ष्ण! आता धुऊन भाजलेली समुद्राची वाळू, बारीक खडे आणि शिंपल्यांचा चुरा घातलाय. रव्याला पर्याय सापडलेला नाही.

२०२३ चा पावसाळा गेला, २०२४ चा गेला. दट्टे अडकले नाहीत. जुलैत जरा घट्ट, मे महिन्यात जरा सैल, एवढंच. 'मी मोडलंय नाय' म्हणणारा मुलगा आता तिसरीत आहे. परवा धाकट्या बहिणीला सोडायला आला होता. कपाटापाशी गेला, सगळ्यात जाड दट्ट्याची मूठ चिमटीत धरली, वर काढला, परत सोडला. टक. आणि काही न बोलता शाळेत गेला.

शेजारच्या वाडीतल्या बालवाडीच्या बाई मार्चमध्ये येऊन सगळं बघून गेल्या. त्यांनाही हवंय. त्यांच्या आवारातली जुनी शिवण रस्त्याच्या कामात गेली, तिच्या फळ्या मेस्तांच्या मुलानं काढून दिल्या. बाईंना जूनमध्येच साहित्य हवं होतं. मेस्त आता फार चालत नाहीत, पण रिक्षानं त्यांच्या पडवीपर्यंत गेले, फळ्यांमधल्या पट्ट्या स्वतः सरळ केल्या, आणि सगळ्यात वरच्या फळीवर सुतारी पेन्सिलीनं तारीख घातली. पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरची. त्याआधी हात लावायचा नाही.